तीस कोंबड्यांचा म्हणून विकला गेलेला खुराडा

मागील दिवाळीनंतर आम्ही तालुक्याच्या गावातील एका वेल्डिंगच्या दुकानातून कोंबड्यांसाठी लोखंडी खुराडा आणला. वर्धा जिल्ह्याच्या सेलू भागात, बोर अभयारण्याच्या बाजूच्या गावांत, असे खुराडे आता बऱ्याच घरांच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, दिसू लागले आहेत. हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा असे तिन्ही ऋतू त्यात काढून झाल्यामुळे, घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

वस्तू अशी आहे: दीड इंची अँगलची चौकट, चार फूट लांबी, तीन फूट रुंदी, जमिनीपासून दीड फूट उंच पाय, मागील बाजूस व वर पत्रा, उरलेल्या तीन बाजूंना आणि तळाला जाळी, समोर एक दार आणि त्याला सरकती कडी. आत बसण्यासाठी लोखंडी पाइपाचे दोन आडवे दांडे आणि एका कोपऱ्यात वरच्या बाजूस अंड्यांसाठी पत्र्याची पेटी. किंमत साडेनऊ हजार रुपये आणि गाडीभाडे पाचशे. घडण भक्कम आहे, वेल्डिंगमध्ये कुठे कसर नाही, आणि चार माणसांनी उचलून हवा तिथे ठेवता येतो, ही फार मोठी सोय आहे.

"ताई, तीस कोंबड्या आरामात मावतात," असे दुकानदारांनी सांगितले होते. मावतात हे खरेच आहे. बाजाराच्या दिवशी एस.टी.तही शंभर माणसे मावतात. परंतु दिवसभर बाहेर हिंडणाऱ्या कोंबडीला केवळ रात्रीसाठी म्हटले तरी किमान एक चौरस फूट जागा लागते आणि दांड्यावर बसायला आठ ते दहा इंच लागतात. चार फुटांच्या दांड्यावर सहा, दोन दांड्यांवर बारा, असा सरळ हिशेब आहे. आमच्याकडे दहा गावठी आणि गिरिराज या सुधारित जातीच्या दोन मिळून बाराच कोंबड्या होत्या, म्हणून आमचे निभावले. तीस कोंडल्या असत्या तर संध्याकाळी जागेसाठी टोचाटोची आणि सकाळी विष्ठेच्या वासाने डोळ्यांची चुरचुर, एवढेच पदरी पडले असते.

आता सर्वांत मोठ्या दोषाकडे येते, तो म्हणजे जाळी. दुकानात बसवली जाते ती बारीक तारेची षटकोनी जाळी. सगळे तिला कोंबडी जाळीच म्हणतात. ही जाळी कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही, हे आम्हाला डिसेंबरमधील एका रात्री कळले. दार बंद होते, कडी जागेवर होती, जाळी तुटलेली नव्हती, तरीही सकाळी एक कोंबडी मान आणि पंख फाटलेल्या अवस्थेत जाळीला चिकटून मेलेली आढळली. रानमांजराला आत शिरण्याची गरजच पडली नव्हती. कोंबडी जाळीला टेकून झोपते, मांजर भोकातून पंजा घालते आणि तिला तिथेच ओढते; अंधारात कोंबडीला जवळजवळ काहीच दिसत नसल्यामुळे ती सरकूनही बसत नाही. सासूबाईंनी त्या सकाळी एवढेच म्हटले, "कोंबडीले राती दिसत नाही बाई, तिच्या वाटचं आपल्यालेच पाहा लागते."

त्यानंतर आम्ही तळापासून दोन फूट उंचीपर्यंत अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची वेल्डेड जाळी बाहेरून तारेने आवळून बसवली. तिला अठराशे रुपये लागले. अर्धा इंच का, तर एक इंचाच्या भोकातून उंदीर आणि लहान साप सहज जातात. उंदीर दाण्यासाठी येतात आणि उंदरांमागे नाग येतो. म्हणूनच खुराड्यात रात्री दाणे ठेवू नयेत, आणि संध्याकाळी सांडलेले दाणेही झाडून घ्यावेत. ही सवय जाळीइतकीच महत्त्वाची ठरली. मुंगसाचा त्रास वेगळा आहे. तो दिवसा हिंडणारा प्राणी असल्याने रात्री नव्हे, तर पहाटे घाईने दार उघडणाऱ्यांच्या घरी त्याचे फावते. त्याला मारण्याचा विचारही कोणी करू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. चांगले उजाडल्यावरच दार उघडले की पुरते.

सरकत्या कडीबद्दल थोडक्यात: कुत्र्याने दार हलवले की ती हळूहळू मागे सरकते. तिच्या भोकात आम्ही एक नट-बोल्ट अडकवतो. साठ रुपयांचा स्प्रिंगचा हूक दुकानदारांनाच लावता आला असता.

सुरक्षितता अशी पदरचे पैसे घालून मिळाली, परंतु कोंबड्या त्यात सुखाने झोपत नव्हत्या. पहिली अडचण लोखंडी पाइपाची होती. कोंबडी झोपताना पायांवर बसते आणि पिसांनी बोटे झाकून घेते, तीच तिची थंडीतील गोधडी असते. गोल, बारीक आणि गार पाइपाला आवळून बसताना बोटे पाइपाखाली उघडी राहतात, आणि पाइप गुळगुळीत असेल तर रात्रभर तोल सांभाळावा लागतो. आम्ही दोन इंच रुंदीच्या सागाच्या पट्ट्या घेतल्या, कडा रंध्याने गोल केल्या आणि दोन्ही पट्ट्या एकाच उंचीवर बसवल्या. उंची सारखी असण्याला कारण आहे: वरखाली दांडे असले की प्रत्येकीला वरचाच हवा असतो आणि रोज संध्याकाळी भांडण होते.

अंड्यांच्या पेटीची चूकही त्याच जातीची आहे. पेटी दांड्यांपेक्षा उंच जोडलेली असल्याने कोंबड्या तिलाच झोपण्याची जागा समजल्या, पेटीत रात्रभर घाण होऊ लागली आणि अंडी विष्ठेने माखलेली निघू लागली. पेटी कापून दांड्यांच्या खाली बसवून घेतल्यावर आठवडाभरात सवय बदलली. हा खुराडा बनवणाऱ्याने कोंबडी झोपताना कधी पाहिलेली नाही, असे मला त्या वेळी वाटले आणि अजूनही वाटते.

तळाची जाळी मात्र मला आवडली. विष्ठा खाली पडते, आतील जागा कोरडी राहते आणि खाली पसरलेले सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) महिन्याभराने उकिरड्यावर जाऊन उत्तम खत होते. थंडीत खालून वारा लागतो, तेव्हा दोन महिने अर्ध्या तळावर फळी टाकावी आणि वाऱ्याच्या बाजूस बारदाना बांधावा. पण वरचा वीतभर भाग उघडा ठेवावा. पुष्कळ लोक मायेने चारही बाजू प्लास्टिकने बंद करतात. निरोगी, मोठी कोंबडी आपल्याकडील थंडी सहज सोसते. बंद जागेतील ओल आणि विष्ठेचा उग्र वायू तिला सोसत नाही.

उन्हाळ्यात याच खुराड्याने आम्हाला खरोखर रडवले. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की सायंकाळी आठ वाजताही पत्र्याला हात लावता येत नसे. कोंबडीला घाम येत नाही, ती मुख्यतः चोच उघडी ठेवून धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकते. अशा जिवाला तापलेल्या पत्र्याखाली वीतभर अंतरावर बसवणे हा छळच आहे. आमच्या कोंबड्यांनी सरळ आत जाण्यास नकार दिला आणि कडुलिंबावर मुक्काम ठोकला. झाडावर गारवा असतो, पण मांजर झाडावर चढते आणि घुबडही फिरत असते. शेवटी खुराडा उचलून त्याच कडुलिंबाच्या दाट सावलीत नेला, पत्र्यावर बांबूच्या कामट्या ठेवून चार बोटांची पोकळी सोडली आणि वर पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, जाड थर बांधला. पोकळीमुळे मधून हवा खेळते आणि पत्रा तापत नाही. खुराड्यात बल्ब लावण्याच्या आणि पंखा बसवण्याच्या सूचना शेजाऱ्यांकडून आल्या होत्या. पंख्याचे सोडा, रात्रभर बल्ब तर मुळीच नको. कोंबडीला सहा ते आठ तासांचा अखंड अंधार लागतो.

पावसाळ्यात पत्र्याची पुढे आलेली कड अपुरी पडली, एवढेच. पायांच्या जोडांवर गंज धरला. रेड ऑक्साइड या गंजरोधक रंगाचा एक हात दिला.

एका बाबतीत लोखंड बांबूच्या डाल्यापेक्षा निर्विवाद सरस आहे. रात्री निघून रक्त पिणारे बारीक लाल किडे दिवसा फटींमध्ये दडून बसतात, आणि बांबूच्या डाल्यात फटींना तोटा नसतो. येथे फटी आहेत त्या फक्त लाकडी पट्ट्यांच्या टोकांशी. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन ती टोके महिन्यातून दोनदा पाहावीत, पट्ट्या काढून उन्हात टाकाव्यात. रात्री कोंबड्या शांतपणे हातात येत असल्याने राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची लस देण्याचे कामही त्याच वेळी उरकते.

बिबट्याबद्दल अनेक जण विचारतात. या खुराड्याकडून ती अपेक्षा ठेवू नये. आम्ही तो घराच्या भिंतीपासून दहा फुटांच्या आत ठेवतो. नवीन आणल्यावर पहिले तीन-चार दिवस कोंबड्या त्यातच कोंडून, आतच दाणापाणी द्यावे, म्हणजे पुढे दिवेलागणीला त्या आपणहून परततात. तरीही दार लावण्यापूर्वी मोजाव्यात. आमच्याकडे ते काम सासूबाईंचे आहे आणि त्या दुसऱ्या कोणावर सोपवत नाहीत.

गेल्या महिन्यात माझ्या मावशींसाठी त्याच दुकानात गेले, कारण घडणीत दुसरे कोणी त्याच्या जवळपास नाही. या खेपेस कागदावर मापे लिहून दिली: खालची जाळी अर्ध्या इंचाची, पेटी दांड्याखाली, छत दुहेरी, कडीला हूक. बाराशे रुपये जास्त सांगितले, ते वाजवी वाटले. लाकडी पट्ट्या तेवढ्या तुमच्या तुम्ही आणा, असे म्हणाले. दुकानासमोर एक नवा खुराडा रंग वाळण्यासाठी उभा होता. जाळी तीच होती, आणि गिऱ्हाइकाला सांगितला जाणारा आकडाही तीसच.