आर-५ च्या नावाखाली सत्तर पौंड: ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ खंड ७, वापरानंतरचा अनुभव

एका विक्रेत्याशी कडाक्याचं वाजलं, म्हणून लिहायला बसलो. रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनचं तांब्याचं छोटं नाणं, टांकसाळ सिस्किया, मागच्या बाजूला दोन सैनिक, मध्ये दोन ध्वज, लेख ‘ग्लोरिया एक्झर्सिटस’. इथे इंग्लंडात असली नाणी दहा-पंधरा पौंडांत मिळतात. याने सत्तर लावले, कारण ‘खंड ७ मध्ये आर-५ आहे, जगात एकमेव’.

आर-५ चा अर्थ तो नाहीच. ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ ही रोमन नाण्यांची अनेक खंडांची सूची; त्यातला कॉन्स्टंटाईनच्या काळाचा, पॅट्रिक ब्रून यांचा हा खंड १९६६ चा. मोठ्या संग्रहांतली नाणी त्यांनी मोजली. एकच दिसलं तर आर-५, दोन-तीन असली तर आर-४, चाळिसाच्या वर गेली तर सी-३. बाजारात किती फिरतायत याच्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय मोजणी टांकसाळीतल्या प्रत्येक विभागाची वेगळी. सिस्कियात पाच विभाग होते. चित्र तेच, लेख तोच, फक्त विभाग दाखवणारं खालचं ग्रीक अक्षर बदललं की सी (सर्रास मिळणारं) चा आर (दुर्मीळ) होऊ शकतो. झिजलेल्या फुटकळ तांब्याचे ढीग कुठलं म्युझियम जपून ठेवणार? त्यात १९६६ नंतर जमिनीतून किती निघालंय बघा. २०१३ साली डेव्हनमध्ये सीटन डाउनला एकाच ठेव्यात २२,८८८ नाणी मिळाली, त्यांत याच काळातली भरपूर. पुस्तकातली अक्षरं मात्र जागची हललेली नाहीत.

माझ्या नाण्याचं तर आणखीच वेगळं. भिंगाखाली धरलं तर खालच्या टांकसाळीच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना टिंब. जाहिरातीत खंडातला बिनटिंबाच्या नाण्याचा क्रमांक लिहिलेला, म्हणजे प्रकारच दुसरा! फोटो पाठवले, तर उत्तर आलं, ‘टिंब म्हणजे घाण असेल’. दोन्ही टिंबं सारख्याच अंतरावर आहेत, साबणाच्या पाण्यात भिजवूनही जात नाहीत. शेवटी पैसे परत आले, टपालखर्च कापून.

सुरुवातीचे काही महिने माझं ठाम मत होतं की हा दुर्मीळतेचा रकानाच छापायला नको होता. आता तेवढं टोकाचं वाटत नाही. सोन्याच्या नाण्यांना ती अक्षरं बऱ्यापैकी लागू पडतात असं मला वाटतं, कारण सोनं निघालं की त्याची नोंद सहसा होते. तांब्यासाठी मात्र ती वाचूच नयेत.

बाकी पुस्तक सोन्यासारखं. क्रमांक आणि वर्णनं अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या ‘ओक्रे’ या संकेतस्थळावर फुकट आहेत, मग एवढे पैसे कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर प्रत्येक टांकसाळीच्या प्रस्तावनेत आहे. ३२८ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या आर्लचं नाव बदलून कॉन्स्टंटिना झालं, म्हणून तिथल्या नाण्यांवर खाली ‘कॉन्स्ट’ येतं, कॉन्स्टँटिनोपलच्या नाण्यांवर ‘कॉन्स’. शेवटच्या ‘ट’कडे दुर्लक्ष करून आर्लचं नाणं कॉन्स्टँटिनोपलचं म्हणून विकलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. हे कळायला प्रस्तावना मन लावून वाचावी लागते. बांधणी मात्र जड, प्लेट्स काळ्या-पांढऱ्या, आणि माझ्या जुन्या प्रतीचा कणा सिस्कियाच्याच पानांवर सुटलाय.

भारतात सापडणाऱ्या रोमन नाण्यांसाठी घेत असाल तर हा खंड नको. तिथले चांदीचे दिनार बहुतेक ऑगस्टस आणि टायबेरियस या बऱ्याच आधीच्या सम्राटांचे. त्यांना खंड १ लागतो, तोही १९८४ ची सुधारित आवृत्ती. आणि कोणी आर-५ म्हणून भाव वाढवला तर आधी टांकसाळीच्या खुणेचा जवळून काढलेला फोटो मागा. तो आल्याशिवाय पैसे पाठवू नका.