कॉलेजच्या पोरांना एसटी फुकट की सवलतीचा पास?

भाचीने विचारलं, मामा, कॉलेजवाल्यांना एसटी पूर्ण फुकट करावी की आहे तो पास ठेवून गाड्या वाढवाव्या, तू कुणाच्या बाजूने?

आधी खर्च बघू. आता विद्यार्थी पासला ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिसरा हिस्सा आपण भरायचा. गावाकडच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत पास फुकट, पण एफवायला गेली की पैसे सुरू, आणि नेमकं तेव्हाच कॉलेज लांब तालुक्याला असतं. मजुरी करणाऱ्या घरात हा तिसरा हिस्सापण जड जातो, त्यावरून पोरींचं शिक्षण थांबतं हे मला खरंच सहन होत नाही.

कटकट? फुकट केलं तरी ओळखपत्र, बोनाफाईड लागणारच, फार फरक नाही.

पण गाडी! सकाळची एकच एसटी, तीही भरून आली की थांबत नाही, मग फुकट पास घेऊन स्टॉपवर उभं राहायचं का? कर्नाटकात ११ जून २०२३ पासून बायकांना सरकारी बस मोफत केली तेव्हा गर्दी किती वाढली ते सगळ्यांनी पाहिलं.

म्हणून जिथे गाड्या भरपूर आणि घरची तंगी तिथे फुकट पास, जिथे दिवसाला दोनच फेऱ्या तिथे आधी गाड्या वाढवा.