आयफोनचे बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

विंडोज ११ चा घरचा डेस्कटॉप, आत २५६ जीबीची एसएसडी, १२८ जीबीचे दोन आयफोन आणि १ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क. अशा घरात सी ड्राइव्ह लाल व्हायला वेळ लागत नाही, आणि जागा कोणी खाल्ली ते शोधायला गेलं की बहुतेक वेळा फोनच्या बॅकअपचं फोल्डरच सापडतं. ते फोल्डर बाहेरच्या डिस्कवर हलवून आठ महिने झाले. व्यवस्था चालते, आणि चांगली चालते. मात्र डिस्कचं फॉरमॅट आणि ड्राइव्हचं अक्षर या दोन गोष्टी पहिल्या दिवशीच नीट ठरवायला हव्यात. त्या घाईत उरकल्या तर दोन-तीन महिन्यांत त्रास सुरू होतो.

बॅकअप कुठे ठेवायचा हे विचारणारी सोय ॲपलनं विंडोजवर दिलेलीच नाही. संगणकावर फोनचा बॅकअप घेणारं आयट्यून्स ॲपलच्या संकेतस्थळावरून घेतलं असेल तर बॅकअप तुमच्या युजर फोल्डरमधल्या ॲपडेटा, रोमिंग, ॲपल कॉम्प्युटर, मोबाइलसिंक या वाटेनं गेल्यावर मिळतो. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं आयट्यून्स किंवा त्याच कामाचं ॲपल डिव्हायसेस हे नवं ॲप वापरत असाल तर तो युजर फोल्डरमध्ये थेट ॲपल, मोबाइलसिंक इथे असतो. ॲपडेटा फोल्डर लपवलेलं असतं, म्हणून फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन लपलेल्या वस्तू दाखवायला सांगावं लागतं. दोन्ही ठिकाणी शेवटच्या फोल्डरचं नाव बॅकअप. आधी एक आणि नंतर दुसरं सॉफ्टवेअर वापरलं असेल तर दोन्हीकडे बॅकअप पडलेले असू शकतात, म्हणून दोन्ही जागा बघा. आत प्रत्येक फोनचं एक लांबलचक नावाचं फोल्डर असतं. जुन्या फोनांचं नाव सलग ४० अक्षरांचं, आयफोन एक्सएसपासून पुढच्यांचं मध्ये एक आडवी रेघ असलेलं. नावाच्या शेवटी तारीख-वेळ चिकटलेली असेल तर तो वेगळा जपून ठेवलेला जुना बॅकअप असतो. जागा खाणारे बरेचदा हेच असतात.

फोल्डरची जागा बदलता येत नसली तरी तिथे ‘जंक्शन’ ठेवता येतं, म्हणजे जुन्या पत्त्यावर नव्या पत्त्याची पाटी. आयट्यून्सला वाटतं आपण सी ड्राइव्हवरच लिहितोय, आणि फाइल्स मात्र बाहेरच्या डिस्कवर उतरतात.

आता फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडून ठेवायची पद्धत. बाजारातल्या बऱ्याच पोर्टेबल डिस्क एक्सफॅटमध्ये येतात, कारण त्या मॅकवरही चालाव्यात. फोनच्या बॅकअपसाठी एक्सफॅट नको. बॅकअप म्हणजे एक मोठी फाइल नसते. नावांनी ओळखू न येणाऱ्या हजारो छोट्या फाइल्स २५६ उपफोल्डरांत विखुरलेल्या असतात. ३२ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कवर एक्सफॅट फॉरमॅट करताना विंडोज आपणहून १२८ केबीचा कप्पा धरतं. म्हणजे २ केबीची फाइलही १२८ केबी अडवते. एका फाइलमागे सरासरी अर्धा कप्पा वाया गेला असं धरलं तरी एक लाख फाइल्सना सुमारे ६.४ जीबी नुसती हवा. म्हणून डिस्क विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस फॉरमॅटमध्ये घ्या. त्याचा कप्पा ४ केबीचा, तिथे हाच हिशेब २०० एमबीच्या आसपास येतो. शिवाय एनटीएफएस लिहिण्याची नोंदवही ठेवतं, त्यामुळे मध्येच वीज गेली तर फोल्डरची रचना सावरण्याची शक्यता जास्त. एक्सफॅटला ही नोंदवही नाही. फॅट३२ चा तर विचारच नको, तिथे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि लांबलेला एखादा व्हिडिओ ती मर्यादा सहज ओलांडतो. फॉरमॅट बदलताना डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी तिच्यावरचा मजकूर काढून घ्या.

दुसरी गोष्ट अक्षराची. जंक्शन ड्राइव्हच्या अक्षरासकट पत्ता लक्षात ठेवतं. आज डिस्क ई आहे, उद्या आधी पेनड्राइव्ह लावला म्हणून ती एफ झाली, की पाटी रिकाम्या जागेकडे बोट दाखवते. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, डिस्कवर राइट क्लिक करून चेंज ड्राइव्ह लेटर निवडा आणि वर्णमालेतलं बरंच पुढचं, सहसा कोणाला न मिळणारं अक्षर द्या. पी किंवा एक्स चांगलं. एकदा दिलं की त्या संगणकावर ते त्या डिस्कशी जोडलेलं राहतं.

मग हलवणं. आयट्यून्स किंवा ॲपल डिव्हायसेस पूर्ण बंद करा. फोल्डर माउसनं ओढून नेऊ नका. इतक्या फाइल्समध्ये एखादी अडली की एक्सप्लोरर थांबतो आणि काय गेलं, काय राहिलं ते कळत नाही. विंडोजमध्येच असलेलं, फाइल्स कॉपी करणारं रोबोकॉपी कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, वापरा. रोमन लिपीत आज्ञेचं नाव, जुन्या फोल्डरचा पत्ता, नव्याचा पत्ता, दोन्ही अवतरणचिन्हांत, आणि मग स्लॅश ई, स्लॅश आर कोलन २, स्लॅश डब्ल्यू कोलन २. शेवटचे दोन सोडू नका. ते दिले नाहीत तर रोबोकॉपी अडलेल्या फाइलसाठी १० लाख वेळा, दर ३० सेकंदांनी प्रयत्न करत बसतं. रात्रभर चालू ठेवलेलं काम सकाळी एकाच फाइलवर अडकलेलं दिसतं ते यामुळे. एमआयआर हा पर्याय अनेक जण सुचवतात, पण तो मूळ फोल्डरात नसलेलं सगळं दुसरीकडून पुसतो. पत्ते उलटसुलट झाले तर बॅकअप गेला म्हणून समजा. काम संपल्यावर येणाऱ्या तक्त्यात ‘फेल्ड’च्या रकान्यात शून्य हवं. त्याशिवाय पुढे जाऊ नका.

मूळ फोल्डर लगेच पुसायचं नाही, त्याचं नाव ‘बॅकअप जुना’ करा. नाव तसंच राहिलं तर ‘ही फाइल आधीच आहे’ अशी चूक येते आणि जंक्शन बनत नाही. नंतर कमांड प्रॉम्प्टमध्ये एमकेलिंक, स्लॅश जे, जुना पत्ता, नवा पत्ता. क्रम हाच: आधी पाटी कुठे लावायची, मग ती कुठे नेणार. पॉवरशेलमध्ये एमकेलिंक चालत नाही, कारण ती कमांड प्रॉम्प्टच्या पोटातली आज्ञा आहे. विंडोज ११ मध्ये टर्मिनल उघडलं की आधी पॉवरशेलच समोर येतं, म्हणून बरेच लोक इथेच अडतात. स्लॅश जे दिलं तर ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागत नाही. स्लॅश डीनंही काम होतं, पण त्याला एरवी ती लागते. आता आयट्यून्सच्या प्रेफरन्सेसमध्ये डिव्हायसेसखाली जुने बॅकअप तारखांसह दिसायला हवेत. एक नवा बॅकअप घ्या, बाहेरच्या डिस्कवरची बदललेली तारीख डोळ्यांनी बघा, आणि मगच ‘बॅकअप जुना’ पुसा.

वेगाबद्दल अपेक्षा माफक ठेवा. लायटनिंगचे आयफोन यूएसबी २ च्या वेगानं बोलतात. कागदावर सेकंदाला ६० एमबी, हाती ३०-४० येतात. ७० जीबीचा पहिला बॅकअप ३५ एमबीनं धरला तरी ३३ मिनिटं होतात, आणि छोट्या फाइल्समुळे प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ लागतो. आयफोन १५ प्रोचं पोर्ट पुष्कळ जलद आहे, पण खोक्यातली केबल यूएसबी २ चीच. पुढचे बॅकअप फक्त बदललेल्या फाइल्स घेतात, त्यामुळे ते लवकर उरकतात. स्वस्त अडीच इंची डिस्कपैकी अनेकींत एसएमआर तंत्र असतं, म्हणजे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले. अशी डिस्क सुरुवातीला झपाट्यानं लिहिते आणि मग दम लागल्यासारखी मंदावते. ती बिघडलेली नसते, केबल ओढू नका. पूर्ण बॅकअप नेहमी घ्यायचे असतील तर बाहेरची एसएसडी बरी. वर्षभर कपाटात पडून राहणारी प्रत मात्र हार्ड डिस्कवरच ठेवावी, कारण एसएसडीत माहिती धरून ठेवणारा विद्युतभार वीज न मिळता फार काळ टिकेल याची हमी नसते.

मध्येच डिस्क ‘गायब’ होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे कॅबिनेटचं पुढचं पोर्ट. आतली वायर लांब, वीज कमी पडते, डिस्क टक्-टक् करून सुटते. मागच्या, मदरबोर्डवरच्या पोर्टात, डिस्कबरोबर आलेली आखूड केबल लावा, मध्ये हब नको. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड, म्हणजे वापर नसताना यूएसबी उपकरण झोपवणारी सोय, बंद करा. जिथे वीज ये-जा करते तिथे डेस्कटॉपला यूपीएस हवाच. पोर्टेबल डिस्क संगणकावरच जगते, त्यामुळे छोटा यूपीएसही दोघांना पुरतो.

डिस्क लावलेली नसताना फोन जोडला की बॅकअप या संगणकावर साठवता आला नाही असा निरोप येतो. तो दिसल्यावर घाबरून जंक्शन काढून टाकू नका. काढलंत तर सॉफ्टवेअर सी ड्राइव्हवर गुपचूप नवं फोल्डर बनवून पुन्हा सगळं तिथेच भरायला लागतं. प्रेफरन्सेसमध्ये आपोआप सिंक होऊ न देण्याची खूण करून ठेवा आणि बॅकअप डिस्क लावून हातानं घ्या. नव्या आयओएसवर दर वेळी फोनवर पासकोड टाकावा लागतो, म्हणजे फोन जोडून निघून गेलात तर काहीच होत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर ते फोटो या बॅकअपमध्ये येतच नाहीत. डिस्कवर ४० जीबी दिसतात म्हणून मुलांचे फोटो सुरक्षित आहेत असं समजून अनेक घरं निवांत असतात, आणि ते फोटो त्यात नसतात. ते वेगळे उतरवा. दुसरं, एन्क्रिप्शन, म्हणजे बॅकअपला पासवर्डचं कुलूप, चालू करा. त्याशिवाय साठवलेले पासवर्ड, हेल्थ ॲपमधली माहिती, कॉल हिस्ट्री बॅकअपमध्ये येत नाही, आणि बिनकुलपाची डिस्क हरवली तर मेसेज कोणीही वाचू शकतं. हा पासवर्ड कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांत ठेवा. विसरलात तर जुना बॅकअप उघडायचा मार्ग नाही. फोनमध्ये रीसेट ऑल सेटिंग्ज केल्यावर नवा पासवर्ड लावता येतो, पण तो पुढच्या बॅकअपपुरताच.

आणि हलवणं म्हणजे दुसरी प्रत करणं नव्हे. सी ड्राइव्ह मोकळा झाला, पण एकमेव बॅकअप आता टेबलावरून पडू शकणाऱ्या वस्तूत आहे. दर नवा बॅकअप जुन्यावरच लिहिला जातो, म्हणून चुकून पुसलेले मेसेज पुढच्या खेपेला बॅकअपमधूनही जातात. महिन्यातून एकदा फोनचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर तारखेच्या फोल्डरात टाका. तारीख बाहेरच्या फोल्डरला द्या, आतल्या लांब नावाला हात लावू नका, नाहीतर परत आणताना सॉफ्टवेअर ते ओळखेल याचा भरवसा नाही. नव्या आयओएसचा बॅकअप जुन्या आयओएसच्या फोनवर उतरत नाही हेही ध्यानात असू द्या.

डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅमनं दर महिन्याला बघावी. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ किंवा ‘रिअलोकेटेड सेक्टर’चा, म्हणजे डिस्कवरच्या संशयास्पद किंवा खराब ठरलेल्या जागांचा, आकडा शून्यावरून वर सरकला की त्याच दिवशी सगळं दुसरीकडे काढायचं, दुरुस्तीचे प्रयोग नंतर. कोकण, गोवा, मुंबईच्या पावसाळ्यात दुसरी डिस्क झाकणबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. लावण्याआधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

मॅकवर हेच काम टर्मिनलमधून एलएन, वजा एस, नवा पत्ता, जुना पत्ता असं होतं. क्रम विंडोजच्या बरोबर उलटा, आणि त्याआधी टर्मिनलला फुल डिस्क ॲक्सेस द्यावा लागतो.

व्यवस्था मोडायची झाली तर सॉफ्टवेअर बंद करून कमांड प्रॉम्प्टमध्ये आरएमडीर आणि जंक्शनचा पत्ता द्या, पुढे स्लॅश एस अजिबात नको. फक्त पाटी जाते, डिस्कवरचं सगळं शाबूत राहतं. मग रोबोकॉपीनं फोल्डर सी ड्राइव्हवर परत आणायचं, नाव पुन्हा इंग्रजीत बॅकअप असंच.