रोज ‘बॅकअप सक्सेसफुल’ येत होतं, बॅकअप नव्हताच: कॉम्प्युटर देखभालीच्या करारात झालेली फसवणूक

आमचं कर सल्लागाराचं ऑफिस सांगलीत आहे, शाखा तासगावला आणि विट्याला. बेदाण्याचे व्यापारी, यंत्रमागवाले, किराणा दुकानदार यांचे हिशेब टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात. ऑफिस सरांचं, कारभार मी बघते. तिन्ही ठिकाणच्या कॉम्प्युटरची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, एकाच माणसाकडे होती. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार पोलिसांकडे आहे. पण त्याची पद्धत प्रत्येक छोट्या ऑफिसला माहीत असायला हवी.

त्याने सांगितलेली योजना ऐकायला चोख होती. प्रत्येक मशीनवर रिमोटचं सॉफ्टवेअर टाकायचं, म्हणजे प्रत्यक्ष यायची गरज नाही. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत, कामं लावून द्यायची: रात्री एक वाजता टॅलीचा बॅकअप, आठवड्याला अपडेट, नको त्या फाइलींची सफाई. महिन्याच्या शेवटी रिपोर्ट. करार झाला त्या दिवशी त्याने आमच्यासमोर बॅकअप घेतला, एका पार्टीचं लेजर, म्हणजे खातं, उडवलं आणि परत आणून दाखवलं. सर खूश झाले. वर्षाचे पैसे आगाऊ दिले.

रिपोर्ट वेळेवर यायचे. प्रत्येक तारखेपुढे हिरवी खूण, वेळ रात्री १:००. तासगावच्या शाखेत काम करणाऱ्या मुलीने त्याला फोनवर विचारलंही होतं, “दादा, आम्ही रात्री मेन स्विच बंद करून जातो, मग एक वाजता बॅकअप होतो कसा?” उत्तर आलं, “मॅडम, ते क्लाउडवरून होतं, मशीन आपोआप जागं होतं.” हे धडधडीत खोटं होतं. झोपेत, म्हणजे स्लीपमध्ये असलेलं मशीन टास्क शेड्युलर जागं करू शकतो, पण ज्याची वीजच तोडली आहे ते मशीन कुठलाही क्लाउड उठवू शकत नाही.

मग तासगावच्या मशीनची हार्ड डिस्क गेली. बॅकअप मागितला तर आधी “अपलोड चालू आहे”, मग “सर्व्हर मेंटेनन्सला आहे”, आणि शेवटी डेटा रिकव्हरीचे म्हणून वेगळे पैसे मागितले. त्याच वेळी सरांच्या ओळखीचा एक तंत्रज्ञ आला आणि त्याने विट्याच्या मशीनवर टास्क शेड्युलर उघडला. ‘नाइट बॅकअप’ नावाचं काम होतं. ‘लास्ट रन रिझल्ट’च्या रकान्यात काम यशस्वीपणे पूर्ण झाल्याचंच लिहिलेलं होतं. मग त्याने ‘ॲक्शन्स’ हा टॅब उघडला. तिथे एका बॅच फाइलचा, म्हणजे ओळीने कमांड लिहिलेल्या फाइलचा, पत्ता होता. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर आत जेमतेम दोन ओळी. पहिली, स्क्रीनवर काही दिसू नये म्हणून. दुसरी, एको कमांड वापरून लॉग फाइलमध्ये आजची तारीख, ‘१:००’ आणि ‘बॅकअप सक्सेसफुल’ ही अक्षरं टाकणारी. फाइल कॉपी करणारी ओळ एकही नव्हती. एक वाजल्याची वेळसुद्धा हाताने टाइप केलेली. काम सुरू व्हायचं ते रात्री नव्हे, तर सकाळी कुणी लॉगइन केलं की.

इथेच सगळी मेख आहे. टास्क शेड्युलर एवढंच सांगतो की नेमलेला प्रोग्राम चालला आणि त्याने चूक कळवली नाही. त्या प्रोग्रामने केलं काय, हे तो बघत नाही. दोन शब्द लिहिणारी फाइल दोन शब्द लिहून बंद झाली, म्हणून ती यशस्वी. खरा बॅकअप ओळखायचा तर बॅकअपच्या फोल्डरमध्ये जायचं आणि फाइलींच्या तारखा, आकार बघायचा. रोज नोंदी वाढतात त्या टॅलीचा बॅकअप महिनोन्‌महिने त्याच आकाराचा राहत नाही. आमच्या फोल्डरमध्ये एकच प्रत होती, डेमोच्या दिवशीची.

दुसरं काम ‘अपडेट मॅनेजर’ नावाचं. ते विंडोज अपडेटची सर्व्हिस बंद करत होतं. अपडेटनंतर प्रिंटर अडला की लोक फोन करतात, ते फोन टाळायला ही युक्ती. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय या रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली अडवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने, जगभरची मशीन कुलूपबंद केली, तेव्हा त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता ते सापडले. आमच्याकडे लोकांचे पॅन, आधार, बँकेचे तपशील असतात. ते सगळं अशा उघड्या दारात ठेवलं होतं, याचा मला आजही संताप येतो.

पुढचा प्रकार त्याहून वाईट. करार मोडतो म्हटल्यावर कळलं की ॲडमिनचं खातं फक्त त्याच्या हातात आहे. पासवर्ड मागितला तर “आधी सेटलमेंट करा.” जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं मासिक विवरणपत्र भरायच्या २० तारखेच्या तोंडावर सांगलीचं एक मशीन लॉगइनच होईना, पासवर्ड लांबून बदललेला. रिमोट सॉफ्टवेअरला कायमचा पासवर्ड दिलेला असला की समोर कुणी परवानगी द्यावी लागत नाही, तो केव्हाही आत येतो. आयकॉन पुसून हे जात नाही. प्रोग्राम अनइन्स्टॉल करावा लागतो, त्याची सर्व्हिस गेली का ते बघावं लागतं, अनोळखी युजर खाती काढावी लागतात. नव्या तंत्रज्ञाने आधी इंटरनेटची वायर काढली आणि मगच हे सगळं केलं. हे दार किती मोठं असतं ते २०२१च्या जुलैत दिसलं. कासेया कंपनीच्या अशाच लांबून देखभाल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून रॅन्समवेअर शिरलं, तेव्हा स्वीडनमधल्या कूप या किराणा साखळीच्या शेकडो दुकानांना शटर ओढावं लागलं.

तासगावचे हिशेब आम्ही परत उभे केले. भरलेले जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीची विवरणपत्रं, आणि खरेदीवरच्या कराचे २बी तक्ते पोर्टलवरून उतरवले, बँकेची स्टेटमेंट घेतली, पक्षकारांकडून बिलांच्या फाइली मागवल्या. रोखीच्या नोंदी मात्र जिथे कागद नव्हता तिथे गेल्याच. मुलींनी रविवारीही बसून एंट्र्या मारल्या.

सायबर पोलिसांकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली तक्रार दिली आहे. बॅच फाइल, टास्कची एक्स्पोर्ट केलेली प्रत, सगळे रिपोर्ट आणि सेटलमेंट मागणारे मेसेज जोडले. तुमच्यावर अशी वेळ आली तर रागाच्या भरात मशीन फॉरमॅट करू नका, पुरावा तिथेच असतो.

आता ॲडमिनचा पासवर्ड सरांच्या कपाटात बंद पाकिटात आहे, देखभालवाल्याला वेगळं खातं आहे, आणि बॅकअपची एक प्रत वायर काढून ठेवलेल्या बाहेरच्या डिस्कवर जाते. नव्या करारासाठी आम्ही एकच अट पुढे ठेवली: दर महिन्याला आम्ही सांगू त्या तारखेचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून, आम्ही सांगू त्या पार्टीचं लेजर दाखवायचं. ती ऐकून एक जण कोटेशन न देताच गेला. दुसऱ्याने ती करारात लिहून दिली, काम त्याला दिलं आहे.