पाणपक्ष्यांच्या पिल्लांसाठी ८×४० दुर्बीण: एक परीक्षण

पुण्यातल्या पाषाण तलावाच्या काठावर किंवा कवडीपाटला मुळा-मुठेच्या पात्रालगत उभे राहून, अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली पाणपक्ष्यांची पिल्ले पाहायची असतील, तर ‘जितके जास्त वर्धन तितकी चांगली दुर्बीण’ हा समज बाजूला ठेवावा लागतो. मी घेतलेली पोरो लोलकांची (प्रकाश नागमोडी वाटेने नेणाऱ्या जुन्या धाटणीच्या रचनेची) ८×४०, म्हणजे आठपट वर्धनाची आणि ४० मिलिमीटर व्यासाच्या पुढच्या भिंगांची दुर्बीण येथे केवळ या एका कामाच्या कसोटीवर तपासली आहे. कंपनीचे नाव देत नाही. या वर्गातल्या दुर्बिणींचा कस नावापेक्षा आकड्यांवरून अधिक कळतो.

तिचे दृश्यक्षेत्र ८.२ अंशांचे, म्हणजे १००० मीटर अंतरावर १४३ मीटर रुंद आहे. त्याच मालिकेतल्या १०×५० मध्ये ते ६.५ अंश, म्हणजे ११४ मीटर भरते. पन्नास मीटरवर हा फरक जेमतेम दीड मीटरचा असला, तरी टिबुकली पाहताना तो निर्णायक ठरतो. टिबुकलीची पिल्ले पहिल्या दिवसांत आईबापांच्या पाठीवर, पंखांच्या आडोशाला बसून हिंडतात आणि आपल्याला दिसतो तो पिसांतून डोकावणारा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा इवलासा माथा. एक पालक पिल्ले वाहत असताना दुसरा बुड्या मारून त्यांच्यासाठी खाद्य आणतो, आणि तो नेमका कुठे वर येईल याचा भरवसा नसतो. रुंद दृश्यक्षेत्रात दोघेही एकाच वेळी मावतात, त्यामुळे भरवण्याचा क्षण सहसा हुकत नाही. हळदी-कुंकू बदकाची पिल्ले आईमागे फुटून विखुरली, तरी सगळा लवाजमा नजरेत राहतो.

उजेडाच्या बाबतीतही मी समाधानी आहे. ४० ला ८ ने भागले की नेत्रिकेतून, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगातून, बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा ५ मिलिमीटर व्यास मिळतो. तो मोठा असला की मंद उजेडात चित्र अधिक उजळ दिसते. खिशात मावणाऱ्या ८×२५ मध्ये तो जेमतेम ३ मिलिमीटर असतो. पांढऱ्या छातीच्या पाणकोंबडीची पिल्ले काळ्या लवीची असतात आणि ढगाळ सकाळी जलपर्णीच्या सावलीत ती लहान दुर्बिणीतून दिसतच नाहीत. शिवाय पोरो रचनेत पुढची भिंगे एकमेकांपासून दूर असल्याने खोलीचे भान चांगले येते. पालकाच्या इशाऱ्यासरशी टिटवीचे पिल्लू जमिनीला चिकटून निश्चल बसते. तेव्हा दगड कोणता आणि पिल्लू कोणते, हे ओळखायला त्या भानाचाच आधार होतो.

आठपट वर्धन कमी वाटून पुढे सरकण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. लहानग्या पिल्लांना स्वतःच्या शरीराचे तापमान नीट राखता येत नाही. माणसाला बिचकून पालक दूर गेला, तर ती गारठतात, आणि कावळे तर टपलेलेच असतात. मोबाइलवर छायाचित्र घेण्यासाठी थेट पाणवनस्पतींत उतरणाऱ्या हौशी मंडळींनी दुर्बिणीवर पैसे खर्च केलेले बरे.

उणिवाही आहेत. डोळा नेत्रिकेपासून अवघ्या १२ मिलिमीटरवर ठेवावा लागतो, त्यामुळे चष्मेवाल्यांना रबरी कडा दुमडूनही पूर्ण वर्तुळ दिसत नाही. ७१० ग्रॅम वजन सोबत मिळणाऱ्या अरुंद पट्ट्यामुळे मानेला काचते. रुंद पट्टा वेगळा घ्यावा. ही दुर्बीण जलरोधक नाही, म्हणून पावसाळ्यात घरी आल्यावर ती पुसून, कोरडी करून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी. अन्यथा भिंगांना बुरशी धरते, आणि पुण्यातल्या दमट जुलैत तिला फार दिवस लागत नाहीत.

शहरातल्या आणि आसपासच्या लहान पाणथळींसाठी मी हीच दुर्बीण सुचवेन. भिगवणच्या अफाट पाण्यात, बेटांवर घरटी करणाऱ्या नदी सुरयची पिल्ले काठावरून पाहायला मात्र ती अपुरी पडते. तेथे तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोपच, म्हणजे एका डोळ्याने पाहायची जास्त वर्धनाची दुर्बीणच हवी, आणि तिचा खर्च कितीतरी मोठा आहे.