मुंबई ते न्यूयॉर्क: थेट, लंडनमार्गे की अबू धाबीमार्गे?

सरळ हवाई अंतर सुमारे १२,५४० किमी. लंडनमार्गे दोन टप्पे मिळून १२,७५० च्या आसपास, अबू धाबीमार्गे साधारण १३,०००. म्हणजे वळसा चार टक्क्यांचासुद्धा नाही. नकाशावर थेट मार्ग उगाच उत्तरेला गेल्यासारखा दिसतो, पण पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळची वाट सिंधवरून, मॉस्कोच्या बाजूने आइसलंडपर्यंत जाते.

प्रत्यक्षात विमानाला ही वाट मिळेलच असे नाही. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली आणि त्यांच्या विमानांना समुद्रावरून वळसा घालावा लागला. त्यामुळे जुन्या प्रवाशांनी सांगितलेल्या वेळेवर जाऊ नका, तुमच्या तारखेचे वेळापत्रक बघा.

थेट विमानाला जाताना सोळा तास किंवा थोडे जास्त धरा. परतताना पश्चिमेकडून येणारा वारा पाठीशी असल्याने तास-दीड तास वाचतो. लंडनमार्गे हवेतले तास अठराच्या आसपास, अबू धाबीमार्गे साडेसतरा. खरा फरक पडतो तो मधल्या थांब्याने. तीन तासांचा थांबा असेल तर एकूण एकवीस तास, आठ तासांचा असेल तर दिवसच गेला. स्वस्त तिकीट दिसले की आधी हा आकडा पाहावा.

अबू धाबीची एक सोय फारशी कुणी लक्षात घेत नाही. अमेरिकेचे इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथेच उरकते, न्यूयॉर्कला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता, सामान उचलून बाहेर. मात्र तपासणीची रांग तिथेच लागते, म्हणून दीड तासाचा थांबा घेऊ नका, किमान तीन तास ठेवा. लंडनमार्गे गेलात तर ही रांग न्यूयॉर्कला, आणि पुढे दुसऱ्या शहराचे विमान असेल तर तिथे बॅगा घेऊन पुन्हा द्याव्या लागतात.

पहिल्यांदाच एकटे निघालेले आई-बाबा असतील तर थेटच घ्यावे, दहा-पंधरा हजार जास्त गेले तरी. ज्यांचे गुडघे धरतात त्यांना मात्र सलग सोळा तास जड जातात. त्यांनी चालायच्या वाटेलगतची जागा घ्यावी, दर दोन तासांनी उठावे. मध्ये थांबा घ्यायचाच असेल तर व्हीलचेअर दोन्ही टप्प्यांवर नोंदलेली आहे ना, हे तिकिटावर तपासा, एकाच टप्प्यावर नोंद राहून जाण्याचा प्रकार सर्रास होतो.

लंडनला विमान बदलताना वैध अमेरिकी व्हिसा असला की भारतीयांना सहसा वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही, पण अमेरिकी व्हिसा परतीपर्यंत टिकतो का, ते पाहा. आणि दोन वेगळी तिकिटे जोडून पैसे वाचवू नका: पहिले विमान उशिरा आले तर दुसऱ्याची जबाबदारी कुणीच घेत नाही आणि सामान घ्यायला बाहेर पडायचे तर त्या देशाचा व्हिसा लागू शकतो.