मुलीच्या कपड्यांसाठी घेतलेली झिगझॅग मशीन, दीड वर्ष वापरल्यावर

लेक आता साडेचार वर्षांची आहे. तीनची झाली तेव्हापासून रेडिमेड फ्रॉक अंगात घातला की पाच मिनिटांत "आई टोचतंय" सुरू व्हायचं, आणि फ्रॉक उलटा करून बघावं तर काखेत नेटच्या कच्च्या कडा नाहीतर ओव्हरलॉकचा जाड खरखरीत दोरा, कातडी लाल झालेली. लग्नाला म्हणून हौसेने फ्रॉक घ्यायचा आणि हॉलवर पोचेपर्यंत तो काढून साधा सुती झबला घालायचा, असं दोनदा झालं. मग ठरवलंच की आपण घरी शिवायचं.

आईकडे काळी पायमशीन आहे, मी शिकले तीच तिच्यावर, आणि तिच्यासारखी सरळ टीप मी अजून दुसऱ्या कुठल्या मशीनची पाहिलेली नाही. पण आमच्या फ्लॅटमध्ये ती ठेवायला जागा नाही. म्हणून आधी ऑनलाइन मिळते ती मिनी मशीन मागवली, चार सेलवर किंवा अडॅप्टरवर चालणारी. कृपा करून घेऊ नका. मलमलवर टाके सोडते, कॉटनचे तीन पदर आले की जागच्या जागी अडते, महिन्याभरात कपाटात गेली. त्यानंतर ही नेहमीच्या आकाराची इलेक्ट्रिक मशीन घेतली, झिगझॅग (नागमोडी टीप) मारणारी आणि फ्री आर्मवाली, म्हणजे बाही चढवून गोल शिवायला अरुंद हात असलेली. उषा जनोम, सिंगर, ब्रदर सगळ्यांकडे या प्रकारातली मशीन मिळते, मी लिहितेय ते या प्रकाराबद्दल.

दुकानात टाके किती आहेत तेच सांगत बसतात, पण खरं सांगते, दीड वर्षात मी तीनच वापरले. सरळ टीप, झिगझॅग आणि काज. लहान मुलीच्या कपड्याला बाहेरून कितीही लेस लावा, तो आतून कसा आहे त्यावर ती तो घालणार की नाही ते ठरतं. पातळ कॉटनला मी फ्रेंच शिलाईच मारते, म्हणजे आधी उलट्या बाजू एकमेकींना लावून काठाजवळ टीप, मग कड बारीक कापायची, उलटवायचं आणि वरून दुसरी टीप, कच्ची कड आतच बंद होते. ते तर साध्या मशीनवरही होतं. झिगझॅगची किंमत कळली ती दिवाळीच्या परकर-पोलक्याला. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण आणला होता, इतका देखणा, पण कात्री लागली की कडेचे धागे सुटायला लागतात आणि हात लावावा तितके अजून सुटतात. मी सगळे तुकडे कापून आधी प्रत्येकाला चारी बाजूंनी झिगझॅग मारून घेतलं आणि मगच जोडले, एक धागा हलला नाही. आतून सासूबाईंच्या जुन्या सुती साडीचं अस्तर, गळ्याला त्याच साडीची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी, आणि पाठीला बटणं. काजं मशीनवर चार टप्प्यांत होतात, आधी त्याच कापडाच्या तेवढ्याच पदरांवर एक करून बघायचं, पहिलं माझं वेडंवाकडं आलं, नंतरची पाच बघून आईने विचारलं कुणाकडून करून घेतलीस! लेक दिवसभर तो परकर घालून होती आणि रात्री तशीच झोपली.

आता फ्री आर्मचं. जाहिरातीत दाखवतात की बाही मशीनच्या हातावर चढवायची आणि गोल शिवायची. मोठ्या माणसाच्या बाहीला ठीक आहे, चार वर्षांच्या मुलीची बाही त्यावर चढतच नाही, लेगिंगचं तोंडही नाही. त्यामुळे मी बाहीची खालची कड आधीच दुमडून शिवते आणि नंतर बाहीपासून कमरेपर्यंत बगलेची शीव एका टिपेत मारते. फक्त यासाठी जास्त पैसे मोजू नका.

पहिला आठवडा मात्र रडकुंडीला आले होते. डेमो द्यायला आलेला माणूस दहा मिनिटांत गेला आणि त्यानंतर मी जे काही शिवीन त्याच्या खाली दोऱ्याचा गुंता. मला वाटलं खालच्या दोऱ्याची बॉबीनच खराब. दोष वरच्या दोऱ्याचा होता! वरचा दोरा ओवताना दाबपट्टी (सुईखाली कापड दाबून धरते ती) वर उचललेली हवी, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात आणि दोरा नीट आत बसतो, खाली असताना ओवला की तो वरवरच राहतो आणि खाली गुंता होतो. एवढं एक वाक्य सांगितलं असतं तरी माझे दोन फ्रॉक उसवायचे वाचले असते.

सुयांचंही तसंच. मलमलला ११ नंबर, नेहमीच्या कॉटनला १४, जीन्सला १६. टीशर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाला गोल टोकाची बॉलपॉइंट सुई लागते, नाहीतर टाके सुटतात आणि आपण उगाच मशीनला नावं ठेवतो. मी सुया, लेस, बटणं सगळं पुण्याच्या रविवार पेठेतून आणते, तिथे दोऱ्याचे रंगही कापडाला लावून बघता येतात. कॉटन कापायच्या आधी रात्रभर भिजवायचंच, मी एकदा कंटाळा केला आणि पहिल्याच धुण्यात फ्रॉक गुडघ्याच्या वर गेला. तेव्हापासून प्रत्येक घेराला आत तीन इंच दाब ठेवते.

कमी काय आहे तर ताकद. जीन्सच्या जोडावर सहा पदर येतात तिथे हाताने चाक फिरवावं लागतं, आईची पायमशीन तिथून सहज जाते. तुम्हाला पडदे, गाद्यांची कव्हरं असलं शिवायचं असेल तर पायमशीनच घ्या. छोट्यांचे कपडे, पेटीकोट, झबली, परकर यासाठी ही मला पुरून उरली. वजनाला एवढी हलकी आहे की मी एकटी उचलून टेबलावर ठेवते, आणि लाइट अगदी सुईवर पडतो त्यामुळे लेक झोपल्यावर रात्री दहालाही काळ्या कापडावर टीप दिसते.

घ्यायला जाताना घरचे तुकडे पिशवीत टाकून न्या, एक मलमलचा, एक जुन्या टीशर्टचा, एक जीन्सचा. दुकानदार त्याच्याकडच्या कडक कापडावर शिवून दाखवतो, त्यावर कुठलीही मशीन छानच चालते. तुमच्या कापडावर तुम्ही स्वतः दोरा ओवून, स्वतः टीप मारून बघा आणि मग पैसे द्या.